टिटवी दिसेनाशी झाली

सोळाव्या वर्षी माणसाला बऱ्याच गोष्टी नकोशा होतात. स्वतःचं नाक, स्वतःचे केस, झालंच तर स्वतःचे आईवडील. पण म्हणून सकाळी आरशात बघावं आणि तिथे नुसती मागची भिंत दिसावी, एवढं काही कुणी मागत नाही. टिटवीनेही मागितलं नव्हतं. टिटवी हे घरातलं नाव, आवाजावरून पडलेलं. त्या दिवशी तिचा आवाज तेवढा शिल्लक होता, बाकी सगळी गायब. अंगात घातलेला कपडासुद्धा दिसेनासा होत होता.

ती ओरडतच जिना उतरून खाली दुकानात आली. दुकान चष्म्यांचं. बाबा पुढे बसून डोळे तपासत आणि आई मागच्या खोलीत चाकावर काचा घासून फ्रेममध्ये बसवी.

"बाबा, मी दिसत नाहीये!"

बाबांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं. चष्मा काढला, फडक्याने पुसला, पुन्हा लावला आणि त्यांचा चेहरा पडला.

"संपलं. डोळे गेले माझे."

"तुमचे डोळे नाही गेले. मी गेलेय."

"अगं, इकडे ये जरा," त्यांनी आईला हाक मारली. "तुला टिटवी दिसतेय का?"

आई हात पुसत बाहेर आली. "नाही बाई, मलाही नाही दिसत. दोघांचाही नंबर एकदमच वाढला म्हणायचा. वय झालं आपलं, दुसरं काय."

आता बोला! पोटची पोर हवेत विरलीय आणि नवरा-बायको एकमेकांच्या डोळ्यांची समजूत काढताहेत. पण 'दिसत नाही' म्हटलं की नंबर काढायचा, एवढंच ज्या घराला ठाऊक, तिथे दुसरं सुचणार तरी काय? टिटवीला मात्र यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ती भयंकर घाबरली होती. दोघांपैकी एकाने तरी 'तुला काय झालं गं?' असं विचारावं, एवढंच तिला हवं होतं.

"टिटवे, जरा काचा बदल," बाबा तपासणीच्या खुर्चीत बसत म्हणाले. तपासणीची जड गोल फ्रेम त्यांनी नाकावर चढवली. तिच्यात काचा घालायचं काम नेहमी टिटवीचंच. तिनेही सवयीने पेटीतली काच उचलली.

"ही बरी की ही?"

"कसली बरी? काच नुसती तरंगतेय. तुझा हातसुद्धा दिसत नाही मला."

"मीच दिसत नाही तर हात कुठून दिसणार? किती वेळा सांगू?"

"ओरडू नकोस. आणि हात स्थिर ठेव, काच थरथरतेय."

काच थरथरत होती खरी. पण काचेमागे हात आहे आणि हातामागे एक भेदरलेली पोरगी आहे, हे काही बाबांच्या ध्यानात येईना. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी समोरच्या तक्त्यावरची अगदी खालची, मुंगीएवढी ओळसुद्धा घडाघडा वाचून दाखवली.

"सगळं तर वाचलंत," आई म्हणाली.

"तेच तर कळत नाहीये."

टिटवीचं डोकं फिरलं. तिने काचांची पेटी उपडी केली. काचा खळखळत फरशीवर पसरल्या.

"उठा बाबा. मी बसते. आता माझं तपासा."

बाबा गुपचूप उठले. खुर्चीची गादी दबली. त्यांनी फ्रेम पुढे नेली, ती तिच्या नाकावर टेकली आणि दिसेनाशी झाली. मग त्यांना बोटांनीच चाचपावं लागलं. गिऱ्हाइकाचा बघतात तसा आधी कान, मग नाकाचा दांडा, मग गाल. गालावर बोटं थांबली. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरून पाहिली. ओली होती.

"रडतेयस? कधीपासून?"

"सकाळपासून."

"मग बोलली का नाहीस?"

टिटवीला असा संताप आला की तोंडातून शब्द फुटेना. पहिल्यांदाच ती गप्प बसली. तिच्या त्या गप्प बसण्याने बाबा चांगलेच हादरले. त्यांनी घाईघाईने पुन्हा तिचा गाल शोधला.

तेवढ्यात दार ढकलून एक गिऱ्हाईक आत आलं. "खुर्ची रिकामीच आहे वाटतं. बसू का?"

"रिकामी नाहीये. माझी मुलगी बसलीय."

गिऱ्हाइकाने खुर्चीकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. "मला तर कुणी दिसत नाही."

"मलाही दिसत नाही," बाबा म्हणाले. "पण माझे डोळे चांगले आहेत. तिला काहीतरी झालंय. तुम्ही उद्या या."