निळ्याच्या अलीकडे

“आज वहिनी नाहीत वाटतं?” मालकांनी निळूकाकांना सहज विचारलं.

“ताप भरलाय तिला. सकाळी उठवेना,” असं म्हणून ते उगाचच स्पिरिटच्या दिव्याची वात वर-खाली करत बसले.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात पोलादी काटे आणि स्क्रू तापवून निळे करायचं काम त्यांचं. म्हणून ते निळूकाका. खरं नाव त्यांचं त्यांनाच कधी आठवलं तर. शेजारच्या स्टुलावर त्यांची बायको पॉलिशला बसायची. तिने लखलखीत करून दिलेला काटा पितळेच्या किसाने भरलेल्या तबकडीत ठेवायचा आणि खाली दिवा लावायचा. पोलाद आधी पिवळं पडतं, मग तपकिरी, मग जांभळं आणि मग क्षणभर गर्द निळं. तो क्षण हुकला की राखाडी. मग घासूनपुसून पुन्हा पहिल्यापासून.

वर्ष होत आलं, जांभळा कुठे संपतो आणि निळा कुठे सुरू होतो हे काकांना दिसेनासं झालं होतं. मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडल्यापासून दुसऱ्याला हात लावू द्यायचा त्यांना धीर होत नव्हता. ही गोष्ट फक्त बायकोला ठाऊक. रंग भरला की ती पॉलिशची काडी टेबलावर एकदाच आपटायची, टक्, आणि काका काटा उचलायचे. बघणाऱ्याला वाटावं, बाई काडीची पेस्ट झटकतेय.

“त्या जुन्या घड्याळाचा मिनिटकाटा आत्ताच करून टाका,” मालक म्हणाले. “घड्याळवाल्या बाई दुपारी न्यायला येणार आहेत.”

 काटा गंजाने पार खाल्लेला. काल पॉलिश करून देताना बायकोने बजावलं होतं, “आता याला पुन्हा घासायची सोय नाही हं. घासलात तर हातात तुकडे येतील.”

“उद्या केला तर?”

“उद्या कसा? हात दुखतोय का?”

“छे छे! हाताला काय धाड भरलीय?”

तबकडी तापू लागली. पिवळा दिसला, तपकिरीही दिसला. पुढे सगळं एकच काळपट होऊन बसलं. काकांचे कान सारखे त्या रिकाम्या स्टुलाकडे लागत होते. काटा वाया गेला तर नोकरी जाईल, ही भीती होतीच. पण त्याआधी मालक विचारतील, ‘काका, दिसत नव्हतं का?’ त्या प्रश्नाची भीती जास्त होती. त्यांनी घाबरून चिमट्याने काटा उचलला.

मालकांनी डोळ्याला भिंग लावलं. काटा उजेडाकडे धरला.

“झाला ना निळा?” काकांनी उसनं अवसान आणून विचारलं.

“कच्चा आहे थोडा. जांभळा. ठेवा परत.”

 आता जांभळ्यापासून निळ्याचं अंतर एका श्वासाचं. खरं सांगून मोकळं व्हावं असं त्यांना मनापासून वाटलं. तरी त्यांनी काटा परत तबकडीत ठेवला. शेजारी स्टूल सरकल्याचा आवाज झाला.  निळा आला असेल का? की येऊन गेलासुद्धा?

टक्.

सवयीने काटा उचलला गेला. काटा खाली ठेवल्यावर काकांच्या ध्यानात आलं, की बायको तर घरी आहे. त्यांनी वळून पाहिलं. तिच्या स्टुलावर मालक बसले होते, तिची काडी हातात घेऊन.

“फर्स्टक्लास आलाय,” काडी होती तिथे ठेवत मालक म्हणाले. “वहिनींना सांगा, पूर्ण बरं वाटल्याशिवाय येऊ नका. तोवर मी आहे.”

मालकांनी काडी आपटली तरी पलीकडच्या टेबलावरच्या एकाही कारागिराने मान वर केली नाही. तेवढं मात्र काकांना अगदी स्वच्छ दिसलं.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको अंथरुणात टक्क जागी होती.

“काटा?”

“झाला.”

“अहो, पण रंग कोणी बघितला?”

“मालकांनी. काडी आपटली.”

तिने पांघरूण तोंडापर्यंत ओढलं. “अगंबाई! म्हणजे त्यांना माहीत होतं?”

“सगळ्यांनाच असावं.”

 मग काका हळूच म्हणाले, “तू रोज बघतेस. कसा येतो गं तो निळा आता?”

तिने पांघरूण खाली केलं. “तुम्हाला आवडायचा ना,” ती म्हणाली, “तसाच.”

काकांनी मान हलवली आणि तिच्या कपाळावरची पट्टी ओली करायला ते उठले.