छातीवरचा ठोसा

"हात उचल, मेल्या!" थोरला ओरडला आणि त्याने ड्रायव्हरच्या नाकावर असा ठोसा हाणला, की पहिल्या रांगेतल्यांच्या शर्टांवर रक्त उडालं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मारणारच. रक्त बघायलाच आले होते सगळे.

गेल्या वर्षी ह्याच रिंगमध्ये ह्याच ड्रायव्हरचा एक साधा ठोसा धाकट्याच्या छातीवर बसला आणि पोराचं हृदय जागच्या जागी थांबलं. झटका देऊन ते पुन्हा चालू करणारं यंत्र अख्ख्या वस्तीत नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्स आली तोवर खेळ खलास. थोरला वेल्डिंग करणारा माणूस, रिंग सोडून जमाना झालेला. पण ही लढत त्यानेच ठरवली. तिकिटांच्या पैशांतून एक यंत्र इथे बसवायचं, एक बाजारात. 'भावाचा सूड' म्हणून बोभाटा झाला, तोही त्याने होऊ दिला. आणि खोटं कशाला बोला, यंत्र हवंच होतं, पण त्याला आधी हा माणूस फोडायचा होता.

समोर खुर्चीवर आई बसली होती. हातात ग्लोव्हज असले की त्यांच्या नाड्या स्वतःला सोडता येत नाहीत. धाकट्याच्या नाड्या दर वेळी तीच सोडायची. त्या दिवशीही तिनेच सोडल्या होत्या.

ड्रायव्हर नुसता मार खात होता. भुवई फाटली, एक डोळा मिटला. त्याने मारलंच तर थोरल्याच्या खांद्यावर, दंडावर. शेवटच्या फेरीला पंचाने त्याला दम भरला, "लढ, नाहीतर लढत रद्द. लोकांना पैसे परत!"

थोरल्याने त्याला मिठीत आवळलं आणि कानात गुरगुरला, "यंत्र काय तुझा बाप देणार? मार की!"

"छातीवर नाही मारणार, दादा."

"दादा म्हणू नकोस!" थोरल्याने त्याच्या बरगड्यांत दोन हाणले आणि मागे सरून, हात खाली सोडून स्वतःची छाती पुढे केली. "मार इथं! त्याला मारलास तसाच मार!"

ड्रायव्हर रडत होता. रडता रडताच त्याने मारलं. थोरला धाडकन आडवा झाला.

पंचाला बाजूला ढकलून ड्रायव्हर गुडघ्यांवर पडला आणि त्याने थोरल्याच्या छातीला कान लावला.

"चालू आहे!" तो ओरडला. मग आईच्या खुर्चीकडे वळून, फाटक्या ओठांनी, "आई, चालू आहे हो!"

थोरल्याने डोळे उघडले. ड्रायव्हरचं डोकं त्याच्या छातीवर होतं. ते ढकलून द्यावं असं त्याला फार वाटलं. पण त्याने ढकललं नाही.

लोक पांगले. ड्रायव्हर दोराला टेकून उभा होता, हात तसेच ग्लोव्हजमध्ये बांधलेले. त्याच्या बाजूचं कुणी थांबलंच नव्हतं.

आई रिंगमध्ये चढली. "हात दे इकडे," ती म्हणाली.

रक्ताने नाड्यांची गाठ आवळली होती, नखाने सुटेना. तिने ती दातांत धरली.