दुपटं

"डोळे उघडा बाई. काय झालंय ते नीट बघा आणि मोठ्याने बोला."

सिस्टरांनी बाळाला दोन्ही हातांवर उचलून अंबिकाच्या डोळ्यांसमोर धरलं होतं. परळच्या त्या इस्पितळात तशी रीतच होती. पुढे कुणी बाळ बदललं म्हणून ओरडू नये, यासाठी आईलाच बघायला लावायचं आणि मुलगा की मुलगी ते तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं. थोड्या वेळापूर्वी पलीकडच्या टेबलावरची बाई रडत रडत "मुलगी, मुलगी, मुलगी" असं ओरडली होती, तेव्हा चंपामावशी, तिथली आया, तिला म्हणाली होती, "एकदा बोललीस तरी चालतं गं. लिलाव नाही चाललेला."

अंबिकाने बघितलं. दादरच्या एका लॅबमध्ये ती रक्त काढायचं काम करायची. माणसाच्या अंगाकडे न बुजता बघायची तिला सवय होती. बाळाचे हात हलत होते, रडणं खणखणीत होतं, बोटं पुरी होती. मग तिची नजर खाली गेली. मुलाचं असतं तसं काहीतरी होतं, पण फारच लहान. त्याच्याखाली मुलीची असते तशी घडी होती, पण मिटलेली, सुरकुतलेली.

"बोला ना," सिस्टर म्हणाल्या. अंबिका बोलेना, तेव्हा त्यांनी स्वतः बाळ आपल्याकडे वळवून बघितलं.

"काय आहे?" अंबिकाने विचारलं.

"थांबा. काही बोलू नका आत्ता." सिस्टरांनी बाळ दुपट्यात गुंडाळलं आणि चंपामावशीला म्हणाल्या, "मुलांच्या डॉक्टरांना बोलाव. पळ."

चंपामावशीने जाता जाता अंबिकाच्या कपाळावरचा घाम पुसला. एवढ्यात तिने कुणाचा पुसला नव्हता.

मुलांच्या डॉक्टर रुचा वयाने अंबिकापेक्षा लहान असाव्यात. त्यांनी आधी बाळाला तपासलं, मग अंबिकाच्या नवऱ्याला, हितेंद्रला, आत बोलावून घेतलं आणि दोघांशी एकदमच बोलल्या.

"बाळ आत्ता ठीक आहे. पण ते मुलगा आहे की मुलगी, हे नुसतं बघून सांगता येत नाहीये. सोनोग्राफी करू, रक्त तपासू. तोवर मुलगा म्हणू नका, मुलगीही म्हणू नका. बाळ म्हणा."

हितेंद्र गिरगावात एका चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायचं काम करायचा. काम तसंच सोडून आला असावा. शर्टाच्या खिशात बारीक पेचकस तसाच होता.

"पण मॅडम, काहीतरी एक असेलच ना?"

"असेल. रिपोर्ट आले की सांगते."

अंबिकाने हेच वाक्य लॅबच्या खिडकीतून रोज लोकांना सांगितलं होतं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर सांगतील. त्यावरही माणसं खिडकीशी तशीच उभी राहायची, याचा तिला कंटाळा यायचा.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर मीनाक्षी होती. तिचं तिसरं बाळंतपण. इस्पितळात ती माहेरी आल्यासारखी वावरत होती.

"काय झालं तुला?" तिने विचारलं.

"बाळ."

"ते तर झालंच. मांजर थोडीच होणार आहे? मुलगा की मुलगी?"

"झोपलंय," अंबिका म्हणाली आणि दुपट्याचं टोक बाळाच्या पायाखाली आणखी घट्ट खोचलं.

"अगं, झोपल्यावर बदलतं का काय ते?" मीनाक्षी हसली. मग अंबिकाचा चेहरा बघून तिने आपल्या पोराला पाजायला घेतलं.

भेटीच्या वेळेला हितेंद्र आला. खाटेच्या कडेला अर्धवट बसला. बाळाकडे त्याने बघितलं नाही.

"तुझी आई काय बोलली?"

"ती माहीमलाच आहे. गुडघ्याचे टाके ओले आहेत अजून. मी तिला सांगितलं, मी दमलेय, नंतर बोलते." अंबिकाने त्याच्याकडे बघितलं. "तात्यांना काय सांगितलंस?"

वडिलांचं नाव निघताच हितेंद्र खिशातला पेचकस फिरवायला लागला.

"फोन आला त्यांचा. लगेच. विचारायला लागले, झील की चेडू? मी बोललो, बाळ झालं. तर बोलले, अरे मेल्या, ता समाजला, पण पेढे घेव की बर्फी? दुकानात उभे होते गं ते. लाइनीत. मागून कोणतरी ओरडत होता, काका, आगे बढो."

"मग?"

"मी पेढे बोललो."

हितेंद्रच्या घरी, परबांकडे, झील म्हणजे मुलगा झाला की पेढे आणि चेडू म्हणजे मुलगी झाली की बर्फी, हे लालबागच्या त्या चाळीत तळमजल्यापासून वरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

"का बोललास?"

"काय माहीत. तोंडातून निघालं. काहीतरी बोलायला पाहिजे होतं ना अंबू." त्याने मोबाइल पुढे केला. चाळीच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलाचं चित्र होतं, आणि खाली 'परब कुटुंबात पुत्ररत्नाचे आगमन.' त्याखाली हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे, नाचणारे. "सगळ्या मजल्यांवर वाटले त्यांनी. मंडळाच्या पोरांना पण."

"आता?"

"आता उद्या यायचं म्हणतायत बघायला. मी बोललो, इन्फेक्शन आहे, सोडत नाहीत."

"हितेन, दोन दिवसांनी काय सांगणार?"

"हळू बोल," तो म्हणाला. मीनाक्षी भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण तिची पाठ ऐकत होती.

त्यानंतरचे दोन दिवस अंबिकाने बाळाला कुणाच्या हाती दिलं नाही. लंगोट बदलायचा तर ती साडीचा पदर आडवा धरून बदलायची. चंपामावशी अंघोळीला न्यायला आली, तर म्हणाली, मीच पुसून घेते. डोळ्याला डोळा लागला की कुणीतरी दुपटं सोडतंय असं वाटायचं आणि ती दचकून उठायची. मग ग्रहणात आपण काही चिरलं का, कुठली गोळी चुकीची घेतली का, हे ती आठवत बसायची. ग्रहणाचा यात काही संबंध नसतो, हे तिला नक्की माहीत होतं. तरी आठवायची.

बाळाचं रक्त काढताना मात्र ती जवळ उभी राहिली. नवा डॉक्टर मुलगा शीर शोधत होता. त्याने दोनदा टोचलं, दोनदा चुकला. अंबिकाने आपले हात पाठीमागे धरून ठेवले.

रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टर रुचांनी बाळ चंपामावशीकडे द्यायला लावलं आणि दोघांना आपल्या छोट्या खोलीत बसवलं.

"मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "गर्भाशय आहे, बीजांडं आहेत. सगळं जागेवर आहे."

हितेंद्रने श्वास सोडला. मग म्हणाला, "पण मग ते...?"

"मूत्रपिंडाच्या वर दोन लहान ग्रंथी असतात. तिच्या ग्रंथींना एक हॉर्मोन बनवता येत नाही, त्याऐवजी त्या पुरुषी हॉर्मोन जास्त बनवतात. पोटात असतानाच तसं झालं, म्हणून बाहेरून ती वेगळी दिसते. पण ते दिसणं मोठं नाही. मोठं हे, की तिच्या अंगात मीठ टिकत नाही. औषध दिलं नाही, तर अशी मुलं दूध ओकायला लागतात, सुकत जातात आणि दोन-तीन आठवड्यांत जातात."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं.

"हे माझ्याकडून आलं की हिच्याकडून?" हितेंद्रने विचारलं.

"दोघांकडून. एकाकडूनच आलं असतं तर काही झालं नसतं. यात चूक कुणाची नाही." त्या थांबल्या. "गोळ्या आजच सुरू करू. आयुष्यभर घ्याव्या लागतील. घेतल्या की ती शाळेत जाईल, भांडेल, सगळं करेल. ऑपरेशनचा विचार आत्ता करायचाच नाही."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"मुलगी झाली, म्हणून सांगा," डॉक्टर म्हणाल्या, जणू त्यात काही अवघड नव्हतं.

वॉर्डात परतताना हितेंद्र म्हणाला, "आपण दुसरीकडे राहू या का? तुझ्या आईकडे, थोडे दिवस? नंतर हळूहळू लोक विसरतील."

"काय विसरतील? मुलगा झाला होता ते?"

ते आत आले, तर अंबिकाच्या खाटेजवळच्या स्टुलावर तात्या बसले होते. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. केस पाण्याने चापून बसवलेले. बाळ चंपामावशीच्या मांडीवर होतं, दुपट्यात गळ्यापर्यंत गुंडाळलेलं.

"इन्फेक्शन म्हणे," तात्या मुलाला म्हणाले. "दरवाजावर इचारलंय, तर वॉचमन हसाक लागलो."

अंबिकाने बाळ घेतलं, खाटेवर बसली आणि हळू आवाजात, पण सरळ, सांगायला लागली. मुलगी आहे. पेढे चुकून सांगितले गेले. ती चारचौघींसारखी दिसत नाही. का दिसत नाही, तेही तिने सांगितलं. मिठाचं सांगितलं. लॅबमध्ये आजारी माणसाच्या नातेवाइकाशी बोलावं तसं तिला बोलता आलं, आणि बोलून झाल्यावर तिने दुपट्याचं टोक पुन्हा खोचलं. आता हे उठून जातील, असं तिला वाटलं.

तात्या उठले नाहीत. त्यांनी वाकून बाळाचं तोंड नीट बघितलं. मग म्हणाले,

"दूध ओकता?"

"काल एकदा ओकली."

"डोळे खोल जातंत? टाळू बसता?"

"तात्या, तुम्हाला कसं माहीत?"

"हितेंद्राच्या आधी एक होता आमका," तात्या म्हणाले. हितेंद्रने मान वर केली. हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. "तुझी सासू बाळंतपणाक माहेराक गेलली. मी हय मिलात. पत्र इला, बाळंतीण सुटली. पण झील झाला की चेडू, ता कोणी लिवलाच नाय. माका वाटला, इसारले असतील. मग तार इली. जाऊन बघतंय तर सगळा आटपलेला. सुईण बोलली, ओकून ओकून सुकला. झील होतो की चेडू, म्हणान इचारलंय, तर म्हणता कशी, ता आता कित्याक होया? दुपट्यात गुंडाळून ठेवलेला. कोणाक सोडूक देवक नाय. मरासर, शेवटपर्यंत, तुझ्या सासून पण नाय सांगल्यान."

मीनाक्षीचं पोर रडायला लागलं. तिने त्याला चटकन छातीशी धरलं.

"हेका औषध आसा म्हणतंस?"

"आहे. गोळ्या आहेत. रोज द्यायच्या."

"केव्हापास्ना आसा ह्या औषध?"

डॉक्टर रुचांनी मघाशी खोलीतून निघताना धीर द्यायला म्हणून सांगितलं होतं, घाबरू नका, सत्तर वर्षं जुनं औषध आहे. अंबिकाने हितेंद्रकडे बघितलं. त्यालाही ते आठवलं होतं. म्हणजे ते पोर गेलं तेव्हाही औषध होतं.

"आत्ताच आलंय, तात्या," ती म्हणाली. "थोडी वर्षं झाली."

"बरा," तात्या म्हणाले. मग हात पुढे केले. "दी हय."

तिने दिलं. त्यांनी बाळ खाटेवर ठेवलं आणि दुपट्याची गाठ शोधायला लागले. अंबिकाचा हात आपोआप पुढे गेला आणि मधेच थांबला. तात्यांच्या बोटांना गाठ सुटेना. मिलमध्ये आयुष्यभर तुटलेले धागे जोडलेली ती बोटं आता जाड झाली होती. शेवटी सुटली. त्यांनी दुपट्याचा एक पदर बाजूला केला, मग दुसरा, मग लंगोट सोडला.

मीनाक्षी कोपरावर उठली होती. पलीकडच्या खाटेवरची बाईही मान उंच करत होती. तात्यांनी मागे न बघता स्टूल पुढे ओढलं आणि त्यांची रुंद पाठ बाळ आणि वॉर्ड यांच्या मधे आली.

ते बघत राहिले. बाळाने पाय झाडले. पंख्याचा वारा लागून त्याच्या पोटावर बारीक काटा आला.

"हितेन," अंबिका हळूच म्हणाली, "पंखा."

हितेंद्र भिंतीकडे गेला. त्याने बटण दाबलं. पंखा मंदावत मंदावत थांबला.

"अहो, पंखा कोणी बंद केला?" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं. "जीव उकडून चाललाय इथे!"

"लाव रे तो पंखा!" आणखी एक आवाज आला.

तात्यांनी अजून दुपटं मिटलं नव्हतं. हितेंद्र बटणांवर हात ठेवून तिथेच उभा राहिला.