इंजिनाचा पाऊण तास

निशिकांतने मागचं डावं चाक जॅकवर उचललं आणि हाताने गरकन फिरवलं. चाक चार-पाच फेरे घेऊन आपल्या मनाने थांबलं. म्हणजे ब्रेकही चिकटत नव्हता.

"कार ओके ला, चीफ," गॅरेजवाला मिस्टर गोह स्टुलावर बसून कोपी, म्हणजे घट्ट गोड कॉफी, पीत तिथल्या इंग्रजीत म्हणाला. "टायर ओके, प्लग ओके, फिल्टर न्यू. ड्रायव्हर यू चेक ऑर नॉट?"

ड्रायव्हर म्हणजे निशिकांतची बायको, अरुणा. ती रोज सेम्बावांगच्या घरून बुकित तिमाहला शाळेच्या लायब्ररीत कामाला जाई, आणि इतकी जपून गाडी चालवी की मागचे सायकलवालेही वैतागत. तिच्यात खोट काढायची सोय नव्हती.

सेकंडहँड गाडी घेऊन तीन महिने झाले होते. विकणाऱ्याने लिटरला चौदा किलोमीटर सांगितले होते आणि मिळत होते अकरा. तीन किलोमीटरने काही आभाळ कोसळत नव्हतं. पण निशिकांतने तीस वर्षं बोटीवर काढली होती, त्यातली शेवटची अकरा चीफ इंजिनीअर म्हणून. मार्चमध्ये तो निवृत्त होऊन कायमचा घरी आला आणि तेव्हापासून या घरात आपलं नेमकं काम काय, हेच त्याला उमगेना. ज्या एका गोष्टीला त्याची गरज होती, ती ही गाडी. तिचाही दोष सापडला नाही तर आपण इथे कशाला आहोत, ही भीती त्याने कुणाला बोलून दाखवली नव्हती.

तसा तो स्वस्थ बसला होता असंही नाही. त्याने मसाल्याच्या डब्यांवर लेबलं लावली होती. जन्मभर हळद हाताळलेल्या बाईला 'हळद' असं मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं. फ्रिजच्या दारावर साफसफाईचं वेळापत्रक होतं. संध्याकाळी अरुणा चप्पल काढते न काढते तोच तो हातात चहा देऊन दिवसभराचा रिपोर्ट सुरू करी: गीझर तपासला, नळाचा वॉशर बदलला, बाल्कनीतल्या झाडांची जागा हलवली. अरुणा प्रत्येक वाक्याला "बरं झालं" म्हणे.

पण बोटीवर इंजिनाचा हिशेब किलोमीटरवर करत नाहीत. ते किती तास चाललं, हे बघतात. हे आपल्याला इतके दिवस कसं सुचलं नाही, म्हणून निशिकांतने कपाळाला हात लावला. त्याने गोहकडून इंजिन कधी सुरू आणि कधी बंद झालं ते नोंदवणारं एक छोटं यंत्र आणून स्टिअरिंगखाली बसवलं. आठवड्याने आकडे बघितले. शाळेहून घरी यायला चाळीस मिनिटं लागत. इंजिन मात्र रोज संध्याकाळी दीड तासाच्या आसपास चालू होतं. पाऊण तास गाडी कुठेच जात नव्हती आणि पेट्रोल जळत होतं.

शुक्रवारी सहाला तो घरासमोरच्या पार्किंग इमारतीत चौथ्या मजल्यावर गेला. गाडी आपल्या जागी उभी होती, एसी घुमत होता. आत अरुणा सीट मागे टाकून, चपला काढून बसली होती. हातात अर्धा खाल्लेला करी पफ होता. फोन नाही, गाणं नाही. डोळे मिटलेले होते.

त्याला आधी राग आला आणि मग रागाहून वाईट काहीतरी वाटलं. आपण घरात आहोत म्हणून ही घरी येत नाही. काचेवर टकटक करायला त्याने हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

इंजिनरूममधली पाळी संपली की तो स्वतः बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन एकटा बसत असे. त्या वेळात कॅप्टनसुद्धा हाक मारत नसे. पाळीवरून आलेल्या माणसाशी लगेच बोलायचं नाही, हे नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी बजावी. मुलगी क्षिप्रा शिकायला मेलबर्नला गेल्यापासून अरुणाला हा वेळ घरातच मिळत होता. मार्चपासून त्या वेळात दारात चहा घेऊन चीफ इंजिनीअर उभा राहू लागला होता.

तो पाय न वाजवता जिन्याने खाली उतरला.

अरुणा घरी आली तेव्हा चहा टेबलावर होता आणि रिपोर्ट नव्हता.

"सोमवारपासून मी सहा ते सात समुद्रावर चालायला जाणार," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"कोणत्या डॉक्टरांनी?"

"आहेत एक."

ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

फ्रिजवरचं वेळापत्रक त्याने काढून टाकलं. लेबलंही काढायला घेतली, तेव्हा अरुणा म्हणाली, "राहू देत ती. हिंगाचा डबा आता पटकन सापडतो." तेवढ्या एका वाक्यावर तो दोन दिवस खूश होता.

तीन आठवड्यांनी गाडीने लिटरला चौदा दिले. त्याच संध्याकाळी निशिकांत सेम्बावांगच्या किनाऱ्यावर बाकावर बसला होता. पलीकडच्या किनाऱ्यावर जोहोर शहराचे दिवे लागत होते. मागे ओळखीच्या आवाजाची गाडी येऊन उभी राहिली, दार वाजलं आणि अरुणा थर्मास घेऊन बाकाशी आली.

"अहो, सात वाजून गेले."

"निघणारच होतो."

"गाडीत शेवटी काय बिघाड निघाला, ते सांगितलंच नाहीत."

"गाडीत काहीच नव्हतं."

अरुणाने थर्मास बाकावर ठेवला आणि पाण्याकडे बघत पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"मग मला विचारलं का नाहीत?"

"पाळीवरून आलेल्या माणसाशी बोलायचं नसतं," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे वळून बघितलं. डोळे भरले होते, पण ती हसत होती. मागे गाडी तशीच घुरघुरत उभी होती.

"थांबा," ती म्हणाली, "इंजिन बंद करून येते."

तो बाकावर जरा सरकून बसला.