रिकाम्या पातेल्यातली खरवड

मी एक जुने पातेले आहे, मित्रांनो, आणि माझे बूड मूळचे पांढरे होते हे आता कोणाला खरे वाटत नाही. कारखान्यात ठोकून ठोकून मला आकार दिला आणि शाळेच्या स्वयंपाकघरात पाठवले. रोज दुपारी माझ्यात सगळ्या मुलांचा भात शिजे. एक बारकी मुलगी मुद्दाम रांगेत शेवटी राही. तिला बुडाशी लागलेली खरवड हवी असे.

"आल्या खरवडबाई!" स्वयंपाकाच्या मावशी म्हणत. "खरवड हो, पण पातेल्याला भोक पाडू नकोस!" तिच्या घरी रोज चूल पेटत नाही, हे मावशींना ठाऊक होते.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. मावशींनी मला लख्ख घासले, झाकण ठेवले आणि दाराला कुलूप घातले.

एके दिवशी, भर दुपारी, बंद खोलीत माझे झाकण सरकले आणि माझ्यात चमचा फिरू लागला. खर्र... खर्र... मी तर कोरडे ठणठणीत! मग वाकलेला चेहरा दिसला. खरवडबाई मोडक्या खिडकीतून आत आली होती. रिकामा चमचा ती तोंडात घाली आणि सावकाश चावत राही.

व्हरांड्यातल्या शिपाईकाकांनी तो आवाज ऐकला. "उंदीर माजलेत मेले!" ते पुटपुटले. संध्याकाळी त्यांनी पावाच्या तुकड्यांना विष लावून ते माझ्याशेजारी ठेवले.

दुसऱ्या दुपारी ती पुन्हा आली. झाकण काढून तिने माझ्या कडेला टेकवले. मग तिला पाव दिसला. तिने एक तुकडा उचलला, फुंकर मारून धूळ उडवली. मित्रांनो, मला एवढे मोठे तोंड आहे, पण त्यातून शब्द फुटेना!

तेवढ्यात झाकण पडले. वारा नव्हता, कोणाचा हातही लागला नव्हता. फरशीवर ते गरगरत ठणठणत राहिले, थांबेच ना. काका धावत आले.

"टाक तो! तोंड उघड बघू, खाल्लास का गं?"

तोंड रिकामे होते. काका तिथेच फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले. मग उठून ते मावशींना आणि मोठ्या बाईंना बोलवायला गेले.

तेव्हापासून सुट्टीतही माझ्यात भात शिजतो. काका कधीकधी मला हळूच विचारतात, "तूच पाडलंस ना ते?" मलाही ठाऊक नाही.

माझे एवढेच मागणे आहे. सुट्टीत बंद शाळेतून खरवडल्याचा आवाज आला, तर उंदीर समजू नका. आधी दार उघडा.