मधला डबा

"डबा ठणठणीत आहे," नेटवाला म्हणाला आणि भिंतीला धरून कण्हत उठला. वय चाळिशीचं, पण गुडघे साठीचे. "डबा चांगला, लाइन चांगली. रोज संध्याकाळी कुणीतरी याचं बटण बंद करतंय. दुसरं काही नाही."

बोळात उभ्या असलेल्या मायलेकींनी जमिनीकडे पाहिलं. लॅबकाकांनी बायकोकडे पाहिलं.

"तूच," ते म्हणाले.

"असेल," काकू म्हणाल्या. "केर काढताना हात लागत असेल."

"हात लागत असेल! अगं, चांगलं कडक बटण आहे ते. अंगठ्यानं दाबावं लागतं. आणि संध्याकाळी कसला केर काढतेस?"

"घरात माणसं राहतात. केर होतो," काकू म्हणाल्या आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय असं पुटपुटत स्वयंपाकघरात गेल्या. गॅसवर काहीही नव्हतं.

नेटवाल्यानं पिशवीची चेन ओढली. लेक त्याला दारापर्यंत सोडायला गेली. लॅबकाका मात्र त्या पांढऱ्या डब्याकडे बघत तिथेच उभे राहिले. डब्याचा दिवा निळा होता. निळा म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे बोंब. या एवढ्याशा दिव्यानं गेले काही दिवस त्यांचा जीव टांगणीला लावला होता.

तसं पाहिलं तर वायफायशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य गेलं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, परिचर म्हणून. मुलं, प्राध्यापक, प्राचार्य, सगळेच त्यांना लॅबकाका म्हणत, आणि निवृत्तीनंतर ते नाव त्यांच्या मागे मागे घरापर्यंत आलं. नेटचं दुखणं होतं लेकीचं. ती विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर काम करायची, घरी बसून, कानाला हेडफोन लावून. फोन करणारी माणसं बहुतेक दवाखान्यातून बोलत. कुणाचं ऑपरेशन अडलेलं, कुणाला घरी सोडत नाहीत. मधेच नेट गेलं की तो माणूस पुन्हा रांगेच्या शेवटी जाणार आणि लेकीच्या नावापुढे फुली पडणार. फुल्या बऱ्याच झाल्या होत्या. घरून जमत नसेल तर मुख्य ऑफिसात येऊन बसा, असं तिच्या मॅडमनी आता स्पष्ट सांगितलं होतं, आणि मुख्य ऑफिस होतं दुसऱ्या शहरात, रात्रभराच्या प्रवासावर.

लेक जाणार ही कल्पनाच लॅबकाकांना सोसत नव्हती. संसार मोडून ती दोन बॅगा घेऊन परत आली, तेव्हा त्यांनी तिला चकार शब्दानं काही विचारलं नव्हतं. मागची खोली रिकामी केली, स्वतः शिडीवर चढून रंगवली आणि म्हणाले, "रस्त्याचा आवाज येत नाही इथं." त्याआधी कित्येक वर्षं घरात दोनच माणसं होती. दोन माणसांचं बोलणं किती लवकर संपतं ते त्यांनी भोगलं होतं. पुन्हा ते नको होतं.

अडचण एवढीच की घर लांबलचक. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, बोळ आणि शेवटी ही मागची खोली, सगळं एका रांगेत. आणि भिंती अशा जाड की बांधणाऱ्याला विटा फुकट मिळाल्या असाव्यात. नेटची लाइन पुढच्या खोलीत यायची, मागे पोचेपर्यंत तिचा जीव जायचा. "मेश बसवा," असं नेटवाल्यानंच सुचवलं. मेश म्हणजे एका राउटरऐवजी तीन छोटे डबे, पहिल्यानं दुसऱ्याला द्यायचं आणि दुसऱ्यानं तिसऱ्याला, आग लागल्यावर माणसं बादल्या हातोहात पुढे देतात तसं. लॅबकाकांना हे फार पटलं. पण डबे घरी आल्यावर नेटवाल्याची वाट बघत बसतील ते लॅबकाका कसले! त्यांनी एक डबा पुढच्या खोलीत लावला आणि उरलेले दोन्ही नेऊन लेकीच्या खोलीत ठेवले, एक उशाशी, एक टेबलावर. जिथे दुखतं तिथे मलम लावायचं, असा साधा हिशोब. दोन्ही दिवे लालबुंद.

"काका, जिथं नेटच नाही तिथं डबा ठेवून काय होणार? तो बिचारा स्वतःच उपाशी," नेटवाला पोट धरून हसला होता. "जिथवर नेट नीट येतंय तिथं ठेवायचा. मग तो पुढं ढकलेल." आणि त्यानं त्यातला एक डबा, मधला म्हणून, उचलून बोळातल्या फळीवर ठेवला, त्याची पिन शेजारच्या बोर्डात खोचून बटण दाबलं. दोन्ही दिवे निळे झाले. मागच्या खोलीतून लेक ओरडली, "आलं, आलं!" हा डबा बंद तर मागची खोली बंद, एवढं लॅबकाकांनी त्या दिवशी अगदी पक्कं ध्यानात ठेवलं.

काही दिवस बरे गेले. मग बाहेरचं ऊन भिंतीवरून उतरायला लागलं की मागून हाक यायची, "गेलं!" लॅबकाका धावत बोळात. पण तोवर काकूंनी येऊन काहीतरी खटपट केलेली असायची आणि दिवा निळा झालेला असायचा. संध्याकाळी लाइनवर ताण येत असेल, असं लॅबकाकांनी ठरवलं. मग डब्याला वारा लागत नसेल, असं ठरवलं. मग शेजाऱ्यांवर संशय घेतला. शेवटी नेटवाल्याला बोलावून आणलं, तर तो हे सांगून गेला.

"हाताला काही वळण म्हणून नाही बायकांच्या," असं म्हणत त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर घालायचे तशा ठळक, सुट्या अक्षरांत लिहिलं, 'बंद करू नये', आणि कागद चिकटपट्टीनं बटणावर घट्ट बसवला. चारी कडांवरून नख फिरवलं. तेवढ्यावर समाधान न होऊन बोळात खुर्ची टाकली. दुपारपासून तिथे पहारा.

पण संध्याकाळ त्यांना बसू द्यायची नाही. कॉलेज सुटायची वेळ झाली की पायांत काहीतरी सुरू व्हायचं. ते उठायचे, खिडकीशी जायचे, परत येऊन बसायचे, पुन्हा उठायचे. घड्याळ मागे पडलंय का, असं दर थोड्या वेळानं विचारायचे. नळ आवळायचे, आवळलेला नळ पुन्हा आवळायचे. "चला, फिरून येऊ," काकू म्हणायच्या. "आत्ता? आत्ता कसं जाता येईल?" ते म्हणायचे. का जाता येणार नाही, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. नोकरीत असताना हीच वेळ त्यांच्या फेरीची. मुलं गेली की गॅसच्या तोट्या, पाण्याचे नळ, पंखे, दिवे, एकेक बघत प्रयोगशाळा बंद करायची. माझ्या लॅबमध्ये रात्री एक बटण चालू सापडलं तर नोकरी सोडेन, असं ते नव्या प्राध्यापकांना सांगायचे, आणि तसं कधी सापडलं नाही.

कागद लावल्यावर दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी ते खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ऊन उतरत होतं. उठले, बसले, उठले. पुढचं त्यांना नंतर सलग सांगता आलं नसतं. पुढच्या खोलीतला पंखा बंद केला. मधल्या खोलीतला दिवा. गॅसची तोटी बघितली, बंद होती. एकेका खटक्याबरोबर पाय हलके होत होते, दिवसभरात पहिल्यांदाच बरं वाटत होतं. सगळं नीट चाललं होतं.

"गेलं!" मागून लेक ओरडली.

हिनं पुन्हा बटण दाबलं, असं मनात येऊन ते भडकले आणि बोर्डाकडे धावायला वळले. धावायची गरज नव्हती. ते बोर्डापाशीच उभे होते. अंगठा बटणावर होता. दुसऱ्या हाताच्या बोटांना तो कागद चिकटला होता, कुठेही न फाटता, व्यवस्थित सोडवलेला.

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या, ओले हात तसेच धरून. त्या दचकलेल्या नव्हत्या. त्या दचकल्या असत्या तर लॅबकाकांना बरं वाटलं असतं.

"अगं, मीच गं!" काकूंनी नवऱ्याकडे बघत मागच्या खोलीला ओरडून सांगितलं. "माझाच हात लागला!"

मग त्या पुढे आल्या. बटण चालू केलं, नवऱ्याच्या बोटांवरून कागद सोडवला आणि पुन्हा जागेवर लावला. लॅबकाकांना भीती वाटत होती. घरात चोर शिरावा आणि त्यानं आपलेच कपडे घालून हिंडावं, तसं झालं होतं.

लेक बाहेर आली, हेडफोन गळ्यात. दोघांकडे बघून दारातच थांबली.

"तुटला फोन?" लॅबकाकांनी विचारलं.

"जाऊ दे हो, बाबा."

"कुणाचा होता?"

"एका बाईंचा. मुलाला ऑपरेशनला आत घेतलंय म्हणत होत्या." तिनं गळ्यातला हेडफोन काढला. "लावेन मी परत. मॅडमना मात्र उद्या सांगायचंय, येतेय की सोडतेय."

"किती दिवस चाललंय हे?"

"आपल्याकडचं नेटच फालतू आहे, बाबा."

"खोटं बोलायला हिच्याकडून शिकलीस," लॅबकाका म्हणाले. "दोघींनाही येत नाही." मग ते काकूंकडे वळले. "त्या नेटवाल्यासमोर मी तुला बोललो."

"तो काय माझा सासरा आहे?" काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही बोललात यात नवीन काय?" एवढं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडायला लागल्या. लॅबकाकांना त्यांच्याजवळ जायचं होतं. पण ते खुर्ची उचलून पुढच्या खोलीत ठेवून आले, कारण आता पहारा कुणावर ठेवायचा हा प्रश्नच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः फोन करून नेटवाल्याला बोलावलं. लेकीचं काम सुरू व्हायला अवकाश होता.

"हे बटण काढून टाका," ते म्हणाले. "वायर आतून सरळ जोडा आणि वर कोरी पट्टी बसवा. बंद करायची सोयच नको."

"बटण असावं, काका. उद्या काही झालं तर मेनवरून बंद करावं लागेल."

"करू."

"लहान मूल आहे का घरात?" नेटवाल्यानं विचारलं. "तसं असेल तर झाकण मिळतं. पोरांना उघडत नाही."

"लहान मूल नाही," लॅबकाका म्हणाले. "मी आहे."

नेटवाल्यानं काकूंकडे पाहिलं. मग पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. लॅबकाकांनी त्याच्या गुडघ्यांसाठी पाट आणून दिला, मेन बंद केला, शेजारी उभं राहून टॉर्च धरला, आणि त्यानं मागायच्या आधी एकेक स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवत गेले. काम झाल्यावर त्यांनी मेन चालू केला. मागच्या खोलीतून लेकीनं नेट आल्याचं सांगितलं, आणि त्यांनी त्या कोऱ्या पट्टीवरून अंगठा फिरवून पाहिला.

"चांगली बसलीय," ते म्हणाले. मग लेकीला हाक मारली. "मॅडमना सांग, महिनाभर बघा म्हणावं. एक फोन तुटला तर मी स्वतः तुला गाडीत बसवून देतो. आणि डॉक्टरांची वेळ घे. मला वाटलं होतं आधी गुडघे जातील."

मॅडमनी महिना दिला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि लॅबकाकांना बाहेर बसवून काकूंशी बराच वेळ बोलले. काकू बाहेर आल्या तेव्हा लॅबकाकांनी एवढंच विचारलं, "पुन्हा कधी बोलावलंय?"

महिना संपत आला होता तेव्हाची गोष्ट. ऊन उतरलं होतं. मागच्या खोलीतून लेकीचा आवाज येत होता, "हो, ऐकतेय मी. सावकाश सांगा. मी आहे लाइनवर." लॅबकाका फेरीला निघाले होते. पुढच्या खोलीतला पंखा झाला, मधल्या खोलीतला दिवा झाला. बोळात येऊन त्यांनी बोर्डावर हात ठेवला, आणि हात तिथेच अडला. त्यांनी पट्टी चाचपली. वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा चाचपली.

"इथलं बटण कुणी काढलं?" आवाजाला जरब होती.

काकू दोन पावलं मागे होत्या.

"लॅबकाकांनी," त्या म्हणाल्या.

त्यांनी त्या कोऱ्या पट्टीकडे पाहून थोडा विचार केला. चेहरा निवळला.

"मग असू दे," ते म्हणाले. "त्यांनी काढलं असेल तर काहीतरी विचार करूनच काढलं असेल."

ते स्वयंपाकघरातली गॅसची तोटी बघायला वळले. काकू मागे फिरल्या आणि मधल्या खोलीतला दिवा पुन्हा लावला.