व्लास्ताबाईंच्या दोन हाव्रान

आमच्या ब्रेझोवित्से गावात जुन्या हाव्रान गाड्यांच्या मालकांचा क्लब आहे आणि गेली एकोणीस वर्षं मी त्याचा चिटणीस आहे. पोस्टात जन्म काढल्यामुळे माझं अक्षर लोकांना वाचता येतं, एवढ्या एका गुणावर माझी निवड झाली. मागच्या हिवाळ्यात क्लबात जे झालं ते सगळं मीच इतिवृत्तात लिहिलं आहे. जे तिथे लिहिता आलं नाही ते इथे सांगतो.

हाव्रान म्हणजे डोमकावळा. गाडीच्या नाकावर पत्र्याचा कावळा असतो, म्हणून हे नाव. कारखाना गावापासून सहा किलोमीटरवर, आणि प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथे कामाला. १९९४ साली तो एका परदेशी कंपनीने विकत घेतला. नाव ठेवलं, कावळा ठेवला, बाकी सगळं बदललं. मागचं इंजिन पुढे गेलं, पुढची डिकी मागे आली, आणि गाडी हिवाळ्यात पहिल्या झटक्यात सुरू व्हायला लागली. जगाला ही सुधारणा वाटली. आमच्या क्लबाने जे सुतक धरलं ते अजून फिटलेलं नाही.

आमचा अध्यक्ष आलोइस झापलेताल. वय एकाहत्तर, मिशा भरघोस, आणि कारखान्यात पंचवीस वर्षं गाड्यांना दारं बसवायचं काम केलेलं. क्लबची घटना त्यानेच लिहिली. तिचं चौथं कलम आम्हा चौदाही सभासदांना पाठ आहे: 'विक्रीनंतर बनलेली हाव्रान ही हाव्रान नव्हे. ती किंवा विक्रीनंतर बनलेला सुटा भाग बाळगणारा, ती चालवणारा किंवा तिची स्तुती करणारा सभासद क्लबातून आपोआप बाद होईल.'

हे कलम नुसतं कागदावर नव्हतं. पोस्पिशिल नावाचे दाताचे डॉक्टर एका जानेवारीत सहज बोलून गेले, "मेव्हण्याच्या नव्या हाव्रानमध्ये पाय छान गरम राहतात हो." पुढच्याच सभेत त्यांना काढलं. तेव्हापासून आलोइसची दाढ दुखली की तो बत्तीस किलोमीटर लांब जातो.

जुन्या गाडीला सुटे भाग कुठून मिळतात, हा प्रश्न क्लबात कुणी फार खोलात जाऊन विचारत नसे. कुणाच्या गाडीत चकचकीत नवा भाग दिसलाच, तर मालक सांगायचा, "स्लोव्हाकियात एक मेकॅनिक वारला, त्याच्या गोदामातला जुना माल आहे." त्या मेकॅनिकचं गोदाम बारा वर्षं संपत नव्हतं. आलोइस त्याच्या नावाने वर्षातून एकदा प्लमच्या दारूचा पेला उंचावायचा आणि आम्ही सगळे मान खाली घालून प्यायचो.

तर मागच्या सप्टेंबरात आलोइसच्या बायकोच्या, व्लास्ताबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी दवाखान्यात जायचं होतं. जुनी हाव्रान बुटकी. तिच्यात बसणं म्हणजे बादलीत बसणं. पहिल्या दिवशी बाईंना बाहेर काढायला आलोइस, मी आणि दवाखान्याचा दरवान असे तिघं लागलो.

बाहेर आल्यावर त्या श्वास घेत म्हणाल्या, "आलोइस, माझा गुडघा नवा आहे. गाडी जुनी आहे. दोघांचं जमणार नाही."

आणि पंधरा दिवसांत त्यांची ओलोमौत्सची बहीण यार्मिला हिने आपली गाडी त्यांना देऊन टाकली. तिची नजर अधू झाली होती, गाडी नुसती उभी होती. गाडी राखाडी रंगाची, सहा वर्षं वापरलेली, आणि हाव्रान. नवी हाव्रान.

आलोइस दोन दिवस जेवला नाही असं तो सांगतो. व्लास्ताबाई सांगतात की दोन दिवस तो गूलाश, म्हणजे मांसाचा रस्सा, उभ्याने खात होता. तिसऱ्या दिवशी त्याने औषधाच्या पेटीतून रुंद चिकटपट्टी काढली आणि राखाडी गाडीच्या दोन्ही कावळ्यांवर चिकटवली, पुढे एक, मागे एक. मग गावात जो तो बाईंना विचारायला लागला, "गाडीला लागलं का हो?" चिकटपट्टीमुळे जी गाडी कुणाच्या नजरेत आली नसती ती अख्ख्या गावाला दिसली. क्लबातल्या लोकांनी तेवढी न बघितल्यासारखी केली, कारण अध्यक्षावर सगळ्यांचं प्रेम होतं.

सगळ्यांचं म्हणजे मिलोस्लाव तुरेक सोडून. तुरेक आमचा उपाध्यक्ष. अकरा वर्षं उपाध्यक्ष असलेल्या माणसाचा स्वभाव कसा होतो ते तुम्हाला ठाऊक असेल. त्याच्याकडे पिवळी हाव्रान आहे आणि तो ती रविवारी दात घासायच्या ब्रशने धुतो.

नोव्हेंबरात रस्त्यावर बर्फ गोठला, बाईंचा गुडघा सुजला, आणि आलोइसला राखाडी गाडी चालवावी लागली. त्याने बायकोचा लोकरी स्कार्फ डोक्याला गुंडाळला आणि काळा चष्मा लावला. ढगाळ हवेत काळा चष्मा लावलेली ती मिशावाली म्हातारी तुरेकने चौकात पाहिली आणि फोटो काढला.

फोटो आणि लेखी तक्रार माझ्याकडे आली. दुसरी प्रत त्याने नोटिशीच्या फळीवर लावली. मला सभा बोलवावीच लागली.

सभा शनिवारी दुपारी, नेहमीच्या बिअरखान्यात. चौदाच्या चौदा हजर. लग्नालाही आमचे इतके लोक जमत नाहीत. आलोइस ताठ बसला होता. समोरच्या बिअरचा फेस बसून गेला तरी त्याने पेल्याला हात लावला नव्हता.

तुरेक उभा राहिला. "मला व्यक्तिशः काही म्हणायचं नाही," तो म्हणाला आणि वीस मिनिटं व्यक्तिशः बोलला. शेवटी फोटो वर धरून म्हणाला, "हे आमचे अध्यक्ष. ओळखतील त्यांनी हात वर करावा."

"स्कार्फ छान दिसतो," मागून कुणीतरी म्हणालं.

आलोइस उठला. "गाडी माझी नाही. बायकोची आहे. मी तिला दवाखान्यात नेलं. तुझी बायको अशी अडली असती तर तू काय केलं असतंस?"

"मी माझ्या पिवळीतून नेलं असतं," तुरेक म्हणाला. "कलमात 'चालवणारा' असा शब्द आहे. शब्द तुझाच आहे, आलोइस. अक्षर एमिलचं."

एमिल म्हणजे मी. मी खाली बघून लिहीत राहिलो.

तेवढ्यात दार उघडलं आणि कुबडी टेकत व्लास्ताबाई आत आल्या. कुणीतरी पटकन खुर्ची दिली. त्यांनी पर्समधून एक चुरगळलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"एमिल, तुझं वाचन स्पष्ट आहे. वाच सगळ्यांना."

तो आलोइसच्या लाल हाव्रानचा नोंदणीचा कागद होता. चालक: आलोइस झापलेताल. आणि त्याच्या वरच्या ओळीत, मालक: व्लास्ता झापलेतालोव्हा.

"पंच्याऐंशी साली गाडीसाठी सगळ्यांचे नंबर लागायचे," बाई म्हणाल्या. "गाड्यांना दारं लावणाऱ्याचा नंबर आला नाही. डेअरीत दुधाचे कॅन मोजणारीचा आला. हा मला म्हणाला, नाव कुणाचं का असेना. मी म्हटलं, बरं."

क्लब मालकांचा आहे. पहिल्याच कलमात तसं लिहिलं आहे. म्हणजे एकोणीस वर्षं आमचा अध्यक्ष सभासदच नव्हता.

"मग डॉक्टरांना काढलं ते?" बेकरीवाला हानाक म्हणाला.

"बेकायदा," मी म्हणालो.

आलोइस हळूच खाली बसला. तो कागद आलोइस माहीत असून विसरला होता की खरंच विसरला होता, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या चेहऱ्यावर मात्र, आपल्याच घराचं दार आपल्याला आतून बंद झालेलं बघणाऱ्या माणसाचा भाव होता.

तुरेक मात्र खुलला. "म्हणजे खऱ्या सभासद व्लास्ताबाई. पण त्यांच्याकडे नवी गाडी, म्हणून त्याही बाद. आता सूत्रं उपाध्यक्षाकडे..."

"मिलोस्लाव," बाई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या पिवळीचा स्टार्टर कुठला रे?"

"स्लोव्हाकियातला. त्या मेकॅनिकच्या..."

"तो मेकॅनिक मी."

इतिवृत्तात या ठिकाणी मी 'किंचित कुजबुज' असं लिहिलं आहे. खरं तर भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

मग बाईंनी सांगितलं. नवी कंपनी जुन्या गाड्यांचे भाग अजून बनवते. कारखान्यात फोन केला की चार दिवसांत मिळतात. पण अध्यक्षाच्या धाकाने तो फोन करायची कुणाची छाती नव्हती. म्हणून बारा वर्षांपूर्वी हानाक मागच्या दाराने त्यांच्या स्वयंपाकघरात आला. मग दुसरा आला. प्रत्येक जण एकेकटा, प्रत्येक जण म्हणाला, आलोइसला सांगू नका. बाईंनी सांगितलं नाही. त्यांनी फोन केले, पार्सलं डेअरीच्या पत्त्यावर मागवली आणि जॅमच्या बरण्यांमागे ठेवली.

आता त्यांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली. "हानाक, ब्रेकचे सिलिंडर. तुम्ही, रेडिएटर दोनदा. एमिल, कार्बुरेटर."

मी माझं नाव माझ्याच हाताने लिहिलं.

"आणि आलोइस," त्यांचा आवाज जरा मऊ झाला, "तुझा पेट्रोलचा पंप. दोन हजार अकरापासून. तू आंघोळीला गेला होतास तेव्हा गॅरेजवाल्याने बदलला."



चौदांतले तेरा बाद झाले होते. उरले एकटे रुटार आजोबा, वय एकोणनव्वद. त्यांच्या हाव्रानला विक्रीनंतर एकही नवा भाग लागलेला नव्हता, कारण ती सत्त्याण्णव सालापासून जागची हललेलीच नव्हती. तिच्यात त्यांच्या कोंबड्या राहतात. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ते आतापर्यंत मुरवलेलं सॉसेज खात निवांत बसले होते. हानाकने त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "आजोबा, तुम्ही अध्यक्ष झालात."

आजोबांनी तोंड पुसलं. "मी सांगेन ते होणार?"

"घटनेप्रमाणे हो."

"मग आधी माझी गाडी चालू करा. क्लच गेलाय." ते बाईंकडे वळले. "काय गं पोरी, क्लच मिळतो का त्यांच्याकडे?"

"चार दिवसांत, आजोबा."

"मागव." आणि ते परत सॉसेजकडे वळले.

ठराव एकमताने मंजूर झाला. चौथं कलम खोडायला मात्र कुणाचा हात उठेना, शेवटी एवढ्या वर्षांची सवय. म्हणून 'बाळगणारा' आणि 'चालवणारा' हे शब्द काढले, 'स्तुती करणारा' ठेवला. बाईंना सभासद करून घेतलं आणि सुट्या भागांचं खातं त्यांच्याकडे दिलं. डॉक्टरांना माफीचं पत्र लिहायचं काम तुरेकला दिलं. त्याने ते लिहिलं, पण त्यावर सही केली 'उपाध्यक्ष' म्हणूनच.

आलोइस सभेतून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडे गेलो. तो शेडमध्ये दोन गाड्यांच्या मधे उभा होता. लालचं दार उघडायचा, लावायचा. मग राखाडीचं उघडायचा, लावायचा.

"आलोइस, फार लागलं का रे?"

"पंपाचं नाही लागलं," तो म्हणाला. त्याने लालचं दार लावलं. मग म्हणाला, "ते परदेशी कंपनीवाले आले ना, पहिल्याच आठवड्यात त्यांनी यंत्र आणलं. अकरा सेकंदांत दार बसवायचं. मला म्हणाले, तुम्ही बघत उभे रहा, काही चुकलं तर सांगा. दोन वर्षं उभा राहिलो, एमिल. एकदाही चुकलं नाही."

मी राखाडीच्या दारावर हात ठेवला.

"मी बसवलेलं दार तीनदा आपटावं लागतं," तो म्हणाला. "व्लास्ता पस्तीस वर्षं आपटतेय. एकदा बोलली नाही."

"बोलले होते," आतून बाईंचा आवाज आला. खिडकी उघडी होती. "पहिल्याच दिवशी बोलले. तू म्हणालास, गाडीला सवय होईल."

आलोइस हसला. मिशांमुळे ते नीट दिसत नाही, पण खांदे हलले. मग बाईंनी आम्हाला कोलाच, म्हणजे जॅम भरलेला गोड पाव, खायला आत बोलावलं, आणि मी पाहिलं की तो बसून खात होता.

मे महिन्यात क्लबची वार्षिक फेरी निघाली, धरणापर्यंत आणि परत. रुटार आजोबा पुढे, ताशी तीस किलोमीटरने, म्हणून आम्ही सगळेच ताशी तीसने. व्लास्ताबाईंचा गुडघा तोवर बरा झाला होता. लालच्या चाव्या त्यांनी स्वतःकडे घेतल्या. मालकच त्या, कोण काय बोलणार? आलोइस त्यांच्या शेजारी बसला. इतक्या वर्षांत तो त्या बाजूला कधी बसलाच नव्हता, त्याला पट्टा लावता येईना.

मी त्यांच्या मागेच होतो. चढणीवर तुरेकची पिवळी दम खायला लागली आणि लाल सरळ उजवीकडून बाहेर पडली; आमच्याकडे ओलांडायचं असतं ते डावीकडून. तिच्या उघड्या खिडकीतून आलोइसचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"डावीकडून, व्लास्ता, डावीकडून. तिसरा गिअर टाक. अगं, तिसरा."

"तू जरा गप्प बसून डोंगर बघ," बाई म्हणाल्या आणि गवतावरून गाडी काढत तुरेकच्या पुढे गेल्या.

धरणावर पोचल्यावर आम्ही तळलेले ट्राउट मासे मागवले. बाईंनी आलोइसच्या ताटातले काटे काढून दिले, कारण तो अजून दोन्ही हातांनी टेबल धरून बसला होता.